सी आणि डी यांच्यामधला बांध

यात्रेचा फ्लेक्स करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. वर भैरवनाथ, त्याच्या खाली कुस्त्यांचा आखाडा, आणि त्याच्याही खाली गावातले झाडून सगळे मानकरी. कोणी फेट्यात, कोणी गॉगल लावून, कोणी उगाचच मोबाईल कानाला धरून. एखाद्याचा चेहरा शेजारच्यापेक्षा सुपारीएवढा जरी लहान पडला, तरी तो माणूस पुढच्या यात्रेपर्यंत रामराम घालत नाही. सुलक्षणानं हे सगळं जिवापाड सांभाळलं होतं. मानकऱ्यांची शेवटची ओळ तेवढी बसवायची राहिली होती आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरनं अंग टाकलं. पडद्यावर पाटी आली, की डिस्क भरली आहे, आता पुढं काही होणार नाही. तिनं सी ड्राइव्ह उघडून बघितला. पट्टी लालभडक.

ती कपाळाला हात लावून बसली, कारण वेळ दुपारची होती आणि दिवेलागणीच्या आत फाईल भोरच्या छापखान्यात पोचायची होती. दरवर्षी हा फ्लेक्स भोरच्या एका दुकानातून व्हायचा. यंदा सुलक्षणानं यात्रा कमिटीच्या अमृतला गाठून, हुज्जत घालून, ते काम स्वतःकडं ओढून आणलं होतं. लग्नाआधी तिनं भोरलाच डीटीपीचा कोर्स केला होता आणि गेली दोन वर्षं ती घरबसल्या वाढदिवसांचे फ्लेक्स करत होती, पण ते सगळे दुकानाच्या नावावर निघायचे. अमृतनं शेवटी कबूल केलं होतं, की खाली कोपऱ्यात ‘डिझाईन : सुलक्षणा’ असं टाकायला हरकत नाही. मात्र फाईल वेळेत आली नाही, तर काम परत दुकानाकडं जाईल आणि नावही दुकानाचंच लागेल. गावात सुलक्षणाचं नाव आजवर कुठं लिहिलेलं असेल, तर ते रेशनकार्डावर. तेही नवऱ्याच्या खाली.

तिनं कचरापेटी रिकामी केली. टेम्पररी फाईली काढल्या. जुन्या अपडेटांचा गाळ उपसला. बोटभर जागा झाली. तिनं फ्लेक्स उघडला आणि त्या फाईलनं ती जागा पाणी प्यायल्यासारखी पिऊन टाकली.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, की बाई, शेजारी एवढा थोरला डी ड्राइव्ह आहे, अर्धा रिकामा पडलाय, तिथं ठेव की तुझी फाईल. पण तो शहाणा माणूस या घरातला नसणार. या घरात डी ड्राइव्ह धाकट्या दिराचा होता.

त्याचं असं झालं होतं. भाटघरच्या पाण्याच्या कडेला असलेल्या या वाडीत मानसिंग आणि धनाजी या दोन भावांची वाटणी झाली तेव्हा सोनबा तात्या पंच म्हणून बसले होते. आसपासच्या दहा गावांत कुठंही बांध सरकला, की तात्यांना बोलावणं जायचं. त्यांची रीत ठरलेली. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला आपणहून वाटे सारखे पाडतो, लबाडीला वावच राहत नाही. जे कापता येत नाही ते सामायिक. त्याप्रमाणं विहीर सामायिक राहिली, पाऊलवाट सामायिक राहिली, पुढचा सोपा सामायिक राहिला. दोन चुली झाल्या. सगळ्यात शेवटी, माणसं जांभया देत असताना, कोणाला तरी सोप्यातल्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिसला. तोही सामायिक ठेवून मोकळं व्हायचं, तर धनाजी म्हणाला, “त्यात दोन खोल्या हायेत की. दुकानदारानंच पाडून दिल्यात. सी आन डी.” झालं. मानसिंगनं दोन वाटे जाहीर केले. धनाजीनं आकार बघून डी उचलला. मानसिंगनं मनाची समजूत घातली, की पुढची खोली थोरल्याकडं आली ते बरंच झालं.

त्या पुढच्या खोलीत विंडोज राहतं आणि ते दर महिन्याला अंगानं भरतं, हे त्या बैठकीत कोणाला ठाऊक असणार? विळी-कोयता वाटावा तसा त्यांनी कॉम्प्युटर वाटला. मागं एकदा सुलक्षणानं घाईत एक फाईल डीमध्ये ठेवली, तर संध्याकाळी धनाजी सहज म्हणाला, “वहिनी, आमच्यात तुमचं कोणतरी येऊन ऱ्हायलंय.” तो हसतच म्हणाला होता. पण मानसिंगच्या ते इतकं जिव्हारी लागलं, की त्यानं बायकोला बजावलं, पुन्हा बांधाच्या पलीकडं पेंढी टाकायची नाही. भावाभावांचं भांडण असं नव्हतं. बोलणं मात्र पाण्याच्या पाळीपुरतं उरलं होतं.

सुलक्षणा अंगणात आली. मानसिंग ट्रॅक्टरला पाणी मारत होता.

“अहो, जागा संपली. भावजींकडं मागावी लागंल.”

“कुणी मागावी?”

“तुमी न्हाईतर मी.”

“कुणीच न्हाई,” मानसिंग म्हणाला. “त्यानं तोंडावर सुनावलं होतं. इसरलीस व्हय?”

“मग माझा फ्लेक्स?”

मानसिंगनं पाईप दुसऱ्या चाकाकडं वळवला. त्याला बायकोचं काम नको होतं असं नाही. उलट अमृतनं होकार दिला तेव्हा तोच दोन दिवस गावभर सांगत फिरला होता. पण मान असा असतो, की तो स्वतःच्याच पायात येतो. सुलक्षणाला त्याचा असा राग आला, की तिनं तिथंच उभं राहून सोनबा तात्यांना फोन लावला आणि वाटणीत बदल करायचा आहे, आत्ताच्या आत्ता या, असं सांगून टाकलं. मानसिंगच्या हातातला पाईप तसाच वाहत राहिला.

तात्या मोपेडवरून आले. पंच आले म्हटल्यावर धनाजीला यावंच लागलं. त्याची बायको स्नेहल मागच्या दारात हात पुसत उभी राहिली. तात्यांनी सुपारी कातरली, खुर्ची ओढली आणि पडद्यापासून दोन हात लांब बसून म्हणाले, “दाव, कुठला बांध?”

सुलक्षणानं डिस्कचा आराखडा उघडला. आडवी पट्टी, डावीकडं सीचा तुकडा, त्याला लागून उजवीकडं डीचा.

“ह्यो तर गटाचा नकाशाच हाय की,” तात्या खूश होऊन म्हणाले. “बोला, मानसिंग.”

मानसिंगला बोलता येईना, कारण बोलणं म्हणजे मागणं. त्यानं वळसा घेतला. “तात्या, विंडोज माझ्या वाट्यात बसलंय. कॉम्प्युटर चालू करतो तवा ते दोघंबी वापरतो. मग विहीर सामायिक, आन तिची जागा एकट्याच्या वावरात, ह्यो कुठला न्याय?”

“ते मला काय म्हाईत?” धनाजी म्हणाला. “वाटं तूच पाडलंस, दादा. म्या उचललं. आता तुला जागा हवी तर माग की तोंडानं. न्हाई म्हनलोय का मी?”

“मागायचं कशाला? हक्काचं हाय.”

“हक्काचं हाय तर घे.”

आणि दोघंही दोन भिंतींकडं बघायला लागले. सुलक्षणा घड्याळाकडं बघत होती. तात्यांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं आणि निवाडा दिला, की विहिरीची जागा सगळ्यांची, तेव्हा धनाजीनं आपल्यातली एक पट्टी सोडावी. धनाजी मोठ्या मनानं म्हणाला, “सोडली. वहिनी, घ्या.”

सुलक्षणानं डीवर राइट क्लिक करून तो आखूड केला. पडद्यावर एक काळी पट्टी सुटली. सगळे पुढं वाकले. सुटली खरी, पण डीच्या पार उजव्या टोकाला. सी डावीकडं, मध्ये डी, आणि मोकळी जागा त्याच्या पलीकडं. सीला वाढवायचं बटण फिकटच राहिलं, दाबलं जाईना.

मानसिंग उसळला. “बघा तात्या, बघा. दिली ती बी पार वढ्याकडची. माझ्या बांधाला लागतीच कुठं?”

“आई शपथ, म्या कुठं सांगितलं तिकडनं सोड म्हणून?” धनाजीचा आवाज रडवेला झाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं आपणहून काही दिलं होतं आणि तेही अंगलट आलं होतं.

“डीला जरा सरकवा की तिकडं,” तात्यांनी सुचवलं.

“तो सरकत न्हाई, तात्या,” सुलक्षणा म्हणाली. तिनं अशा कामाचे बरेच व्हिडिओ मोबाईलवर बघितले होते आणि हे असं होणार अशी धाकधूक तिला आधीच होती. “मोकळी जागा अगदी बांधाला लागून असंल तरच सी वाढतो. त्याला एकच उपाय. डीमधलं सगळं बाहेर काढायचं, डी मोडायचा आन नव्यानं आखायचं. मोडला की आतलं सगळं जातं. म्हणून आधी बाहेर काढायचं.”

धनाजीनं कॉम्प्युटरच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभं राहायचं तेवढं बाकी ठेवलं. डीमध्ये त्याचा जीव होता. म्हणजे छकड्यांच्या शर्यतींचे व्हिडिओ. त्याचा बैल पाखऱ्या ज्या ज्या मैदानात पळाला, त्या सगळ्या मैदानांचे, चारी बाजूंनी काढलेले, वर मित्रांनी पाठवलेले, पुन्हा त्याच मित्रांना पाठवून परत आलेले. बाहेर काढून ठेवायला घरात एकच गोष्ट होती, मानसिंगच्या ट्रॅक्टरमधला गाण्यांचा पेनड्राइव्ह. मानसिंग उठला, तो काढून घेऊन आला आणि कोणाकडंही न बघता टेबलावर ठेवला. “गाणी पुसली तरी चालत्याल,” तो म्हणाला.

पण गाणी पुसूनही त्यात डीचा चौथा हिस्सासुद्धा मावणार नव्हता. धनाजीला निवडावं लागणार होतं.

“समदंच मोलाचं हाय,” तो म्हणाला.

“मग बघून ठरवा,” दारातून स्नेहल म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. “बघा तरी एकदा, काय काय साठवलंय ते.”

सुलक्षणाचा जीव टांगणीला लागला होता, तरी तिनं पहिला व्हिडिओ लावला. वेल्ह्याकडचं मैदान. धुरळा उडाला, छकडे सुटले, माणसं ओरडली. हे तेच मैदान, जिथं पाखऱ्या दुसरा आला असं धनाजी गेलं वर्षभर सांगत होता.

“पाखऱ्या कुठंय?” तात्यांनी विचारलं.

“दिसंल, दिसंल,” धनाजी म्हणाला.

छकडे पुढून निघून गेले. धुरळा खाली बसला. मग सावकाश, भाजी आणायला निघाल्यासारखा, पाखऱ्या आला. त्याच्या मागं एकच छकडा होता.

“दुसराच हाय,” स्नेहल म्हणाली. “पर मागनं.”

तात्यांना सुपारीचा ठसका लागला. मानसिंगनं हसू दाबायचा प्रयत्न केला, तो नाकातून फुटला आणि मग त्याला आवरेना. धनाजी आधी रागावला, मग पुढच्या व्हिडिओत पाखऱ्या मैदान सोडून उसाच्या गाडीकडं वळला ते बघून तोही हसत सुटला. त्यानंतर काम झपाट्यानं चाललं. पाखऱ्या हरला की पूस, एकाच शर्यतीच्या दोन-चार नकला असल्या की पूस. धनाजी स्वतःच “उडवा, वहिनी” म्हणायला लागला. पाखऱ्या हरण्यात तसा वाकबगार होता, त्यामुळं डी भराभर हलका होत गेला.

एका व्हिडिओत सुलक्षणाचं बोट पुसायच्या बटणावर गेलं होतं, तेवढ्यात धनाजी म्हणाला, “थांबा. जरा मागं घ्या.”

तिनं मागं घेतलं. मैदानाच्या कडेला गर्दी होती. गर्दीच्या पुढं टोपी हातात घेऊन, शिरा ताणून, पाखऱ्याच्या नावानं ओरडणारा माणूस मानसिंग होता. वाटणीनंतरची शर्यत होती ती. दोघं भाऊ तेव्हा एकमेकांच्या अंगणातूनही जात नव्हते.

“दादा,” धनाजी म्हणाला, “त्या दिवशी तर तू नसरापूरच्या बाजाराला गेलतास.”

“वाटंतच मैदान होतं,” मानसिंग म्हणाला. “थांबलो जरा.”

“वाटंत कुठं? पार दुसऱ्या अंगाला हाय ते.”

मानसिंगनं खिडकीबाहेर बघितलं. सुलक्षणालाही हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी नवरा घसा बसवून घरी आला होता आणि तिनं त्याला हळद-दूध दिलं होतं, एवढंच तिला आठवत होतं. तिला त्याची मायाही आली आणि चीडही. एवढं ओरडता येतं या माणसाला, आणि तोंड उघडून एक पट्टी मागता येत नाही.

“ह्यो ठिवा,” धनाजी हळूच म्हणाला. पाखऱ्या त्यातही हरला होता.

ठेवायचं तेवढं पेनड्राइव्हवर गेलं. सुलक्षणानं दोनदा उघडून खात्री केली. मग तिनं डी मोडला. निळा तुकडा गेला आणि सीला लागून थेट टोकापर्यंत काळी, मोकळी जागा पसरली. नांगरलेलं, अजून कोणाचंच न झालेलं वावर बघावं तसं सगळे बघत राहिले.

“हं,” तात्या म्हणाले, “आता दोन वाटं पाड.”

“मी पाडू?” सुलक्षणानं विचारलं.

“तुझ्याबिगर कुणाला येतंय हितं?”

“आन मी पाडलं, तर रीत तीच ना, तात्या? पाडणाऱ्यानं शेवटी घ्यायचं?”

“रीत तीच. पाडणाऱ्यानं शेवटी.”

सुलक्षणानं आधी विंडोजला पुढची कितीतरी वर्षं पुरेल एवढा सी वाढवला. “ही विहीर,” ती म्हणाली. “सामायिक. हिच्यात कुणी काय ठेवायचं न्हाई.” ते सगळ्यांना पटलं. मग उरलेल्या जागेचे तिनं तुकडे केले. एक. दोन. तीन. एकसारखे, बोटावर मोजून घ्यावेत असे.

तात्या पुढं वाकले. “तीन कशापायी? भाऊ दोन हायेत.”

“पाडणाऱ्यानं शेवटी घ्यायचं, असं तुमीच म्हणालात,” सुलक्षणा म्हणाली. “म्हणजे पाडणाऱ्याला काहीतरी घ्यायला पायजे का नको? भावजी, आधी तुमी उचला.”

धनाजीनं भावाकडं बघितलं, मग तात्यांकडं. “मी डी घेतो,” तो म्हणाला. “नाव सवयीचं हाय.”

“अहो, तुमी?”

सीमध्ये त्याचं स्वतःचं असं काय होतं, हे मानसिंगनं आठवून बघितलं. सातबाऱ्याचा एक फोटो आणि ट्रॅक्टर नवा आणला तेव्हाचा दुसरा. बाकी सगळे फ्लेक्स होते. दोन वर्षं तो ज्या खोलीसाठी मान ताठ ठेवून बसला होता, तिथं राहत होती त्याची बायको.

“ई,” तो म्हणाला.

“मग एफ उरला,” सुलक्षणा म्हणाली. “तो माझा.”

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी इतकी वर्षं इतके बांध घातले होते, पण सुनेनं वाटा उचललेला त्यांनी बघितला नव्हता. त्यांनी तोंडातली सुपारी चावून चावून पार संपवली. कुठं बोट ठेवावं ते त्यांना सापडेना, कारण रीत तर त्यांचीच होती आणि अक्षरशः पाळली गेली होती.

“बराबर हाय,” ते शेवटी म्हणाले. “घे, पोरी.”

मग मात्र सुलक्षणानं कोणाशी गप्पा मारल्या नाहीत. फाईल एफमध्ये टाकली, उघडली, आणि ती पटकन उघडली. मानकऱ्यांची शेवटची ओळ तिनं बसवली. कोपऱ्यात नाव टाकलं. आधी बारीक टाकलं होतं, ते बघून मानसिंग पाठीमागून म्हणाला, “जरा ठसठशीत कर की. रस्त्यावरनं दिसाया पायजे.” तिनं ते केलं. पेनड्राइव्हवरचे व्हिडिओ डीमध्ये परतले, त्यांच्या जागी फाईल गेली, धनाजीनं पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि मोटारसायकलला किक मारली. भोरच्या रस्त्यावर पाखऱ्याला कधी जमला नव्हता अशा वेगानं तो गेला. मानसिंग तात्यांना मोपेडपर्यंत सोडायला गेला.

ऊन उतरलं तेव्हा धनाजीचा फोन आला. फाईल पोचली होती, मशीनवर चढली होती. “वहिनी, छापणाऱ्यानं कोपऱ्यातलं नाव वाचून इचारलं, कोण ह्या?” तो म्हणाला. “म्या सांगितलं, आमच्या घरच्या हायेत.”

सुलक्षणा फोन हातात धरून बसून राहिली. फार बरं वाटत होतं. मागच्या दारातून स्नेहल चहाचे दोन कप घेऊन आली. वाटणी झाल्यापासून तिच्या चुलीवरचा चहा या बाजूला पहिल्यांदाच आला होता. ती शेजारी टेकली आणि पडद्याकडं बघत राहिली. सी, डी, ई, एफ.

“ताई,” ती म्हणाली, “त्यात माझा न्हाई एकबी.”

सुलक्षणा चमकली. तीन वाटे पाडताना, एवढं डोकं चालवताना, दारात उभी असलेली ही बाई तिच्याही ध्यानात आली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

“काय ठेवायचंय तुला?” तिनं विचारलं.

“काय न्हाई,” स्नेहल म्हणाली. “अजून तर काहीच न्हाई माझ्याकडं. पर जागा असू दे.”

सुलक्षणानं कप बाजूला ठेवला. तिनं एफवर राइट क्लिक केलं, त्याचा बरोबर निम्मा भाग सोडला आणि त्याचा नवा तुकडा पाडला. कॉम्प्युटरनं नाव विचारलं. सुलक्षणानं कीबोर्ड स्नेहलपुढं सरकवला.

स्नेहलनं पदराला बोटं पुसली आणि एक एक अक्षर शोधत नाव लिहायला घेतलं.